लोडात अडकलेलं गाणं

आमच्या घरात जिलेबी असायची आणि डाळ नसायची. ऐकायला गंमत वाटते. पण कालची जिलेबी पोटात घेऊन सकाळच्या शाळेत पाढे म्हणून बघा, मग कळेल.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, उस्मानपुऱ्यातल्या एका मांडववाल्या शेठच्या गोदामावर कामाला होते. मांडव बांधायचा, सोडायचा, टेम्पोत भरायचा, उतरवायचा आणि उरलेल्या वेळात गोदाम राखायचं. राखणीच्या बदल्यात गोदामाला चिकटलेली पत्र्याची एक खोली आम्हाला राहायला होती. लग्न उरकलं की उरलेलं अन्न अण्णा डब्यात घालून आणायचे. लोकांच्या लग्नात डाळ कधी उरत नाही, गोड उरतं. म्हणून आम्ही गोड खाऊन वाढलो आणि तरी चौघंही काटकुळेच राहिलो.

कपड्यांचंही तेच. चौथीत असताना स्नेहसंमेलनासाठी आईनं मला मांडवाच्या फाटक्या झालरीतून गुलाबी झगा शिवला होता. मी स्टेजवर गेले आणि पहिल्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "ए, हा तर आमच्या काकाच्या लग्नातला मांडव!" माझा नाच सगळे विसरले, मांडव कुणी विसरलं नाही.

झोपायला मात्र आम्ही राजे होतो. गोदामात गाद्यांची थप्पी आढ्यापर्यंत. पण लगीनसराई आली की गाद्या लग्नांना जायच्या आणि आम्ही फरशीवर यायचो. घरात पैसा यायचा तेव्हा अंथरूण नसायचं, आणि अंथरूण असायचं तेव्हा पैसा नसायचा. दोन्ही एकदम मिळालेलं मला आठवत नाही.

अशा घरातून मी बी.ए. झाले. आईच्या माहेरी आणि अण्णांच्या गावी मिळून मी पहिली. मी हे न विचारता सांगते, आणि सांगत राहणार. निकालाच्या दिवशी अण्णांनी शेठच्या लाइटाच्या माळा आमच्या पत्र्यावर सोडल्या होत्या. गल्लीला वाटलं माझं लग्न ठरलं. दोन बायका तर स्थळ कुठलं म्हणून विचारायला आल्या.

माझा भाऊ माझ्याहून धाकटा. तो बारावीनंतर कॉलेजला गेला नाही. तो एक जुनी गिटार घेऊन आला. कुठून आणली ते त्यानं सांगितलं नाही, आणि ती वाजेपर्यंत आम्हीही विचारलं नाही, कारण वाजेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण ती वाजली. मी शाळेपासून आईची गाणी म्हणायचे. आई हळदीला, लग्नाला विहिणीची थट्टा करणारी गाणी जागच्या जागी बांधायची. पंगतीत कोण रुसलं, कुणी काय मागितलं, लगेच त्याचं गाणं. मी ती म्हणायचे, भाऊ त्यांना गिटारीची साथ देऊ लागला, काही गाणी आम्ही दोघांनी नवी रचली. त्याच्या एका मित्रानं ऐकून सांगितलं, "हे इंडी फोक आहे."

आईनं विचारलं, "म्हणजे काय रे?"

भाऊ म्हणाला, "म्हणजे मातीतलं गाणं, पण आपलं आपणच बसवायचं. कंपनी नाय, मालक नाय, कुणाचा हुकूम नाय."

"मग मी लग्न झाल्यापासून काय करते?" आई म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

अडचण होती ती अण्णांची. चुलत्यानं वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं भावासाठी शब्द टाकला होता. बारा तासांची पाळी. अण्णांना ते सोन्यासारखं वाटत होतं, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना पाठीच्या दुखण्यानं वाकून चालायला लागत होतं. पोरगं कायमचं कुठंतरी टेकावं एवढंच त्यांना हवं होतं. भाऊ म्हणत होता की बारा तास मशीनसमोर उभं राहून आल्यावर गाणं होत नाही. हेही खोटं नव्हतं. आठवडाभर घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. मग अण्णांनी निकाल दिला.

"तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत. तोवर कुणीतरी परक्या माणसानं तुम्हाला आपणहून गायला बोलवलं पायजे. परक्या. मामा नाय, मावशी नाय, तुझा तो झिपऱ्या दोस्त नाय. नाय बोलवलं तर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधी बसायचं."

"बसतो," भाऊ म्हणाला. "पण बोलवलं तर?"

"तर मी पुन्हा कंपनीचं नाव काढणार नाय."

मुदत तुळशीच्या लग्नापर्यंत का, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, गाद्या बाहेर पडतात आणि आमचा स्टुडिओ टेम्पोत बसून निघून जातो. कारण आमचा स्टुडिओ म्हणजे गाद्याच. दोरीवर टाकून चारी बाजूंनी गाद्या लोंबत्या सोडल्या की मधल्या जागेत रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. गाद्या गेल्या की तेच गोदाम विहिरीसारखं घुमतं. त्यामुळं आम्ही मुहूर्त बघून काम करायचो, फक्त उलटं. भावानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुहूर्त नसलेले सगळे दिवस लाल खुणांनी रंगवले होते. चातुर्मास तर सबंध लाल. आमच्या गल्लीत चातुर्मासाची एवढी वाट दुसऱ्या कुणी पाहिली नसेल.

मित्राकडून मागून आणलेलं रेकॉर्डिंगचं मशीन होतं, मुठीत मावेल एवढं. ते स्टुलावर ठेवलं तर फरशीची धडधड यायची. हातात धरलं तर भावाच्या नाडीचे ठोके यायचे, असं तो म्हणायचा. शेवटी लोडात जागा सापडली. बैठकीला टेकायला असतो तो गोल लोड. त्याच्या खोळीच्या तोंडाशी, कापसात, मशीन अर्धं खुपसून ठेवायचं. तिथून आवाज असा मऊ यायचा, की मलासुद्धा माझा आवाज आवडायचा. हळदीचा मोठा डाग पडलेला एक लोड आम्ही यासाठी कायमचा धरला होता.

दसरा होऊन गेला होता. एका रविवारी सकाळी आईचं विहिणीचं गाणं आम्ही म्हटलं आणि ते जमलं. रोज कुठंतरी घसरायचं, त्या दिवशी कुठंच घसरलं नाही. भावानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं. तो नुसता हातानं थांब म्हणाला आणि मशीन तसंच चालू ठेवून आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो.

"बंद नाय केलं?" मी विचारलं.

"खोलीची शांतता रेकॉर्ड करतोय. गाण्याखाली घालायला लागती."

अण्णा दारात तंबाखू मळत होते. म्हणाले, "शांतता कशाला रेकॉर्ड करता? गुमान बसा, आपोआप व्हती."

आम्ही दोघं जेवायला म्हणून नाक्यावर गेलो. पहिल्यांदाच असं वाटत होतं की काहीतरी झालं. गिटार भावाच्या पाठीला होतीच. उंदरांच्या भीतीनं तो तिला गोदामात एकटी सोडत नसे. सावकाश जेवून, सावकाश चहा पिऊन आम्ही परत आलो आणि दार उघडून "ए" म्हटलं, तर गोदामानं आम्हाला दहा वेळा "ए" म्हटलं.

गाद्या नव्हत्या. लोड नव्हते. दोऱ्या लोंबत होत्या.

चातुर्मासात मुसलमानांची लग्नं थांबत नाहीत हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं. शेठचा टेम्पो त्या दिवसांत त्यांच्याच लग्नांवर चालतो, आमचं घर त्यावर चालतं. आमच्या ताटातल्या निम्म्या गोडाला त्या लग्नांचाच वास असायचा. पण एकदा कॅलेंडरवर लाल खूण केली की माणूस डोळ्यांपेक्षा खुणेवर विश्वास ठेवतो.

आई म्हणाली, "लासूर स्टेशनला लग्न हाय. आधी नुसत्या खुर्च्याच सांगितल्या व्हत्या, मग फोन आला, बायकांच्या बैठकीला गाद्या-लोड बी पाठवा. तुमचे अण्णा घेऊन गेले की."

"आणि लोडात मशीन होतं ते?"

"मला काय म्हाइत लोडात काय असतं? कापूस असतो."

अण्णांचा फोन लागेना. मांडवाच्या कामावर ते शर्ट काढून ठेवतात आणि फोन शर्टात असतो. आम्ही काळीपिवळी जीप धरली. भाऊ वाटभर एकच बोलत होता, "ताये, तसं पुन्हा येणार नाय." मी म्हणत होते येईल. मलाही माहीत होतं, येणार नाही. आणि तुळशीचं लग्न जवळ आलं होतं.

लासूरला लग्नघर शोधावं लागलं नाही, अण्णा शिडीवर दिसले. झालर बांधत होते. आम्हाला बघून त्यांनी आधी तोंडातला दोरा काढला.

"कोण गेलं?"

"कुणी नाय गेलं. लोडात मशीन हाय, अण्णा. त्या डागवाल्या लोडात."

"डागाचे लोड मी बायकांच्या खोलीत लावलेत. डाग भिंतीकडं करून." शिडीवरूनच त्यांनी भावावर डोळे वटारले. "तू हितं थांब. बायकांत जायाचं नाय. ताईला जाऊ दे."

बायकांच्या खोलीच्या पुढं अंगणात कनात लावलेली होती. कनात म्हणजे मांडवाची कापडी भिंत. भाऊ कनातीच्या बाहेर थांबला, मी आत गेले.

आत भरपूर बायका, भरपूर अत्तर, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकलेला आमचा लोड. लोडाला टेकून नवरीची आजी. आजी म्हणजे लोडाहून थोडी मोठी, आणि एकदा बसल्यावर लोडाइतकीच हलणारी. मुली ढोलक घेऊन बसल्या होत्या, पण गाणं काही रंगत नव्हतं. एक ओळ म्हणून झाली की सगळ्या एकमेकींकडं बघायच्या.

"कौन गे तू?" आजीनं विचारलं.

"मांडववाल्यांची मुलगी, दादी. जरा लोड पाहिजे होता."

"अभी से?" आजी शेजारणीकडं वळली. "देखो गे, दूल्हा अभी बैठा नहीं, इनके शेठकू लोड वापस होना!"

मी घाईनं म्हटलं, "नाय नाय दादी. लोडात माझं गाणं अडकलंय."

म्हणायचं होतं मशीन. तोंडातून निघालं गाणं. सगळ्या एकदम हसल्या.

"लोड में गाना?" आजीनं लोडावर थाप मारली. "निकाल के दिखा."

"तुम्ही उठलात तर काढते."

"मैं अब खाने कूच उठती. मेरेकू उठाने कू दो जने लगते. तू ऐसा कर, लोड में से नक्को, मुँह से निकाल. ये छोकऱ्या तर नुसतं कण्हायला लागल्यात सकाळपासून." शेवटचं वाक्य आजीनं माझ्यासाठी शुद्ध मराठीत सांगितलं, आणि ढोलकवाल्या मुलींना ते बरोबर लागलं.

आता मी बी.ए. आहे, तोंडी परीक्षा दिली आहे, बियाणांच्या एका ऑफिसात नोकरी करते, तिथं रोज अनोळखी माणसांशी बोलते. पण गायले होते ते फक्त घरात आणि गाद्यांसमोर. गाद्या चांगल्या असतात. मधेच उठून जात नाहीत, कानात काही बोलत नाहीत. इथं सगळ्या खोलीनं माझ्याकडं तोंड केलं होतं. मी पहिली ओळ म्हटली आणि आवाज अर्ध्यात बसला. तेव्हा कनातीच्या पलीकडून गिटार सुरू झाली.

"उधर कौन है गे?" दोघीतिघींनी ओढण्या सावरल्या.

"माझा भाऊ आहे. तो काय बघत नाय."

"बजने दे," आजी म्हणाली. मग कनातीकडं ओरडली, "ए बेटा, बजा! आँखां बंद रख के बजा!"

"हौ दादी!" बाहेरून उत्तर आलं. आणि मी गायला लागले.

*विहीणबाई आल्या बाई, नाक वर धरून,*
*भाजीत मीठ नाय म्हणाल्या, तिसऱ्यांदा वाढून!*

ढोलकवाल्या मुलीनं ठेका धरला. काही बायका हसायला लागल्या. बाकीच्या दाराजवळ बसलेल्या एका बाईंकडं बघू लागल्या. अंगानं भारदस्त, सोनेरी काडीचा चष्मा, हातात बशी. त्या कन्नड गावाहून आलेल्या. नवऱ्या मुलाची आई. आजीला आता हसू आवरेना. ती हसताना लोड हलत होता आणि मला आतल्या मशीनची काळजी वाटत होती.

शेजारच्या मुलीनं माझ्या कानात सांगितलं, "समधनच हैं वो. अभी बोले ना उनों, नाश्ते में नमक कम है बोल के. फिर और मंगाए."

गाणं आईनं कधीतरी दुसऱ्याच कुणावर बांधलेलं, आणि बसलं ते नेमकं इथं. पण मधे थांबले तर मुद्दाम म्हटल्यासारखं होईल, न थांबले तरी मुद्दाम म्हटल्यासारखंच होईल. बाहेर भाऊ डोळे मिटून जोरात वाजवत होता, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पुढचं कडवं म्हटलं.

*विहीणबाई रुसल्या बाई, गाडीत जाऊन बसल्या,*
*गाडी सुटते म्हणताच, पंगतीला दिसल्या!*

त्या बाईंनी बशी खाली ठेवली. चष्मा काढून पुसला. परत घातला.

"किसने सिखाया ये?"

"आईनं. पण तुमच्यावर नाय हो, शप्पत. ते जुनं आहे."

"मेरे पे नहीं? मग वाईट झालं की," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "मला वाटलं, कुणीतरी एवढं लक्ष देऊन माझ्यावर रचलं. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी सगळ्यांनी म्हटलं, आणि त्यांनी सगळ्यात मोठ्यानं. झाल्यावर त्या उठून माझ्यासमोर आल्या.

"परवा कन्नडला आमच्याकडं वलीमा आहे, लग्नानंतरचं मुलाकडचं जेवण. तू यायचं. भावाला घेऊन यायचं. आणि हे नाही म्हणायचं. यांच्यावर म्हणायचं." त्यांनी आजीकडं बोट केलं. "यांच्या घरच्या मिठाईवर म्हण. इतकी घट्ट, की चमचा उभा राहतो त्यात."

"बोल, बोल!" आजी म्हणाली. "वहाँ आ के मैं भी सुनतीच."

जेवणाची हाक आल्यावर दोघींनी धरून आजीला उठवलं, आणि मी लोडाची नाडी सोडली. मशीन कापसात आत सरकलं होतं. गरम लागत होतं. बॅटरी संपली होती.

बाहेर आले तेव्हा भाऊ अण्णांसमोर उभा होता. कापडी भिंतीचं एक बरं असतं, तिच्यातून सगळं ऐकू येतं.

"बोलवलं. परक्या माणसानं. आपणहून," भाऊ म्हणाला.

"परकं कसं? गिऱ्हाईक हाय आपलं. गिऱ्हाईक परकं नसतं."

"आपलं गिऱ्हाईक नवरीकडचं. बोलवलं नवरदेवाच्या आईनं. कन्नडचा मांडव आपला नाय."

अण्णांना हे पटेना. ते तिथंच बसलेल्या वऱ्हाडातल्या एका पाहुण्याकडं गेले. "भाईजान, परवाच्या वलीम्याला मांडव कुणाचा?"

त्या माणसानं कन्नडच्याच कुठल्यातरी मांडववाल्याचं नाव सांगितलं. अण्णांनी कमरेत हात घालून पाठ सरळ केली, जेवढी होत होती तेवढी.

"त्याच्या कनाती फाटक्या असत्यात," ते म्हणाले. "गाताना बघून या जरा, किती फाटल्यात ते." आणि शिडीवर चढले.

कंपनीचं नाव त्यांनी त्या दिवसानंतर काढलं नाही. चुलत्याचा फोन आला तेव्हा म्हणाले, "पोरगं कामात हाय," आणि ठेवून दिला.

घरी येऊन मशीन चार्ज केलं आणि आम्ही चौघं ऐकायला बसलो. आमचं गाणं शाबूत होतं. त्यामागं भावाची शांतता, बरीच. मग अचानक धाडधाड आणि अण्णांचा आवाज, "उचल की रं, हात मोडले का?" आणि त्यानंतर अण्णांच्या तोंडून जे आलं ते आईनं पहिल्यांदाच एवढं स्पष्ट ऐकलं. "हे असं बोलता व्हय कामावर?" तिनं विचारलं. अण्णा बाहेर पाणी बघायला गेले. पुढं टेम्पोची घरघर, मग कापसातून येणारं बायकांचं बोलणं, त्यात एक दमदार आवाज, "नमक कम है," आणि थोड्या वेळानं तोच आवाज, "थोडा और दे." त्यानंतर आजीचं खदखदून हसणं आणि बॅटरी संपली.

मिठाईवरचं गाणं आईनं भाकऱ्या थापता थापता बांधलं. तव्यावरची भाकरी फुगायच्या आत दोन कडवी तयार. वलीम्याला ती आमच्याबरोबर आली आणि तिसरं कडवं तिनं तिथंच, आजीच्या तोंडाकडं बघून बांधलं. कनाती खरंच फाटक्या होत्या. एका भोकातून लहान पोरं भावाला बघत होती आणि भाऊ इमानदारीत डोळे मिटून वाजवत होता.

खोलीतलं बायकांचं बोलणं आम्ही पुसून टाकलं. फक्त ते हसणं ठेवलं, तेही आजीला आणि कन्नडच्या बाईंना विचारून. आजी म्हणाली, "हँसी रख, नाम मत डाल." बाई म्हणाल्या, मीठही ठेव, पण ते आम्ही नाही ठेवलं. तुळशीच्या लग्नाच्या आधी गाणं इंटरनेटवर टाकलं. आधी लासूर आणि कन्नडनं ऐकलं, मग त्यांच्या पाहुण्यांनी, मग कुणी कुणी ऐकलं ते आम्हाला सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी शहरातल्या एका सभागृहात आम्ही तिकीट लावून गायलो. सभागृह भरलं. माझा भाऊ कंपनीत गेला नाही. तो गाण्यावर जगतो, आणि आमची दोघांची सहा गाणी आज लोकांच्या ओळखीची आहेत.